किराईताचा काढा आणि एक दिवसाआडचा ताप

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले की आपल्या वस्त्यांतून एक बदल दिसू लागतो. संध्याकाळच्या चहाचे पातेले उतरले की त्याच शेगडीवर दुसरे लहान पातेले चढते. त्यात कुणी किराईताच्या काड्या टाकते, कुणी गुळवेल, कुणी कडुनिंबाची साल, तर कुणी जे हाताला लागेल ते सर्वच. मग घरातील लहानथोरांना ओळीने बसवून अर्धा-अर्धा कप पाजला जातो. लहान मुले पळून जातात, मोठी माणसे डोळे मिटून घोट घेतात आणि आजी म्हणते, “कडू हाय, पण गुणाचं हाय.”

आजीचे म्हणणे खोटे नाही. परंतु ते किती खरे आणि कुठपर्यंत खरे, हे घरात कुणी विचारत नाही. आमच्या भगिनी मात्र आम्हांला विचारतात. काढा रोज घ्यावा का, साखरेच्या माणसाला चालतो का, तापात द्यावा का, पोटुशी बाईने घ्यावा का, असे प्रश्न दर पावसाळ्यात असतात. म्हणून या खेपेस फक्त किराईताविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले. दहा वनस्पती एकत्र उकळल्या की कशाचा गुण आणि कशाचा अवगुण याचा हिशेबच लागत नाही.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. ‘किराईत’ किंवा ‘चिराईत’ म्हणून आपल्याकडे दोन वेगवेगळ्या वनस्पती मिळतात. एक काडेचिराईत. ही हिमालयात साधारण चार हजार ते दहा हजार फूट उंचीवर होते आणि नेपाळातून मोठ्या प्रमाणावर आपल्या बाजारात येते. काष्ठौषधीच्या दुकानात सुक्या काड्यांच्या जुड्या दिसतात, त्या हिच्या. काडी पिवळट-तपकिरी, थोडी जांभळट झाक असलेली, खालच्या बाजूला गोल, आणि मोडली तर आत भुसभुशीत गाभा असतो. सुदर्शन चूर्ण म्हणून जे मिळते त्यात निम्मा वाटा या काडेचिराइताचा असतो. दुसरे ते हिरवे किराईत. ते आपल्या कोकणातले. परसात, बांधावर पावसाळ्यात उगवते, हातभर वाढते, पाने मिरचीच्या पानासारखी निमुळती आणि दिवाळीच्या सुमारास जांभळे ठिपके असलेली बारीक पांढरी फुले येतात. त्याची काडी मात्र चौकोनी असते. बोटांत धरून फिरवली की चार कडा लगेच लागतात. चाकरमानी माणूस गणपतीहून परतताना गावाहून जी हिरवी पेंडी आणतो ती हीच.

दोन्ही जहर कडू. पण दोन्हींत कडूपणा आणणारी द्रव्ये निराळी, गुणही पुरते सारखे नाहीत. हिमालयातील माल महाग आणि दुर्मिळ होत चालल्याने काडेचिराइताच्या नावाखाली दुसऱ्याच स्वस्त काड्या, पुष्कळदा हे हिरवे किराईतच, विकले जाते. म्हणून आयती पूड घेण्यापेक्षा काड्या घ्याव्यात, म्हणजे डोळ्यांनी आणि बोटांनी पारख करता येते. पुडीत काय आहे हे पुडी बांधणाराच जाणे!

आता हा कडूपणा पोटात जाऊन करतो काय? जिभेला कडू लागले की तोंडाला पाणी सुटते, आणि पाठोपाठ जठरातील पाचक रसही पाझरू लागतात. म्हणून तापातून उठलेल्या, तोंडाची चव गेलेल्या माणसाला जेवणापूर्वी थोडे कडू दिले की दोन घास जास्त जातात. ही गोष्ट केवळ आपल्याच आज्यांना ठाऊक होती असे नव्हे. साहेब लोकांनीही काडेचिराइताची ही कीर्ती ऐकली आणि १८३९ साली एडिंबरोच्या अधिकृत औषधी ग्रंथात त्याला जागा दिली, ती भूक वाढविणारे कडू टॉनिक म्हणून. विलायतेत त्याच कुळातली दुसरी एक कडू मुळी याच कामासाठी वापरीत असत.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. कडूपणा जिभेला लागणे हाच या काढ्याचा पहिला गुण आहे. तेव्हा त्यात चार चमचे साखर घालून सरबत करणे, किंवा नाक दाबून एका दमात घशाखाली ओतणे, यात निम्मा फायदा वाया जातो. घोट-घोट घ्यावा, जेवणाच्या पाव ते अर्धा तास आधी घ्यावा. नंतर तोंडात गुळाचा खडा धरावा, त्याला कुणाची ना नाही.

करण्याची रीत सांगतो. काडेचिराईत असेल तर सर्वांत सोपी आणि आमच्या मते सर्वांत चांगली रीत म्हणजे रात्री भिजत घालणे. काड्या निवडून, झटकून, एकदा पाण्याने धुऊन घ्याव्यात, कारण त्यांत माती आणि कचरा पुष्कळ असतो. खलबत्त्यात किंवा पाट्यावर जाडसर ठेचाव्यात, पीठ करू नये. असा ठेचलेला माल चहाचा सपाट एक चमचा घ्यावा आणि कपभर पाण्यात रात्री झाकून ठेवावा. पाणी आधी उकळून कोमट केलेले असावे. पावसाळ्यात नळाचे पाणी तसेच रात्रभर ठेवून सकाळी पिणे म्हणजे एक रोग घालवायला जाऊन दुसरा आणणे. सकाळी स्वच्छ फडक्याने गाळावे आणि अर्धा कप न्याहारीपूर्वी घ्यावा. उरलेला अर्धा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला होतो.

उकळून करायचा असेल तर तेवढाच माल दोन कप पाण्यात घालून मंद आचेवर एक कप होईपर्यंत आटवावा. हिरवे ओले किराईत असेल तर बोटभर लांबीच्या पानांसकट दोन काड्या पुरे, आणि त्याला आटवण्याचीही फारशी गरज नाही. उकळत्या पाण्यात टाकून पातेले खाली उतरवावे, झाकण ठेवावे आणि दहा मिनिटांनी गाळावे. भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्यावे. काढा त्या दिवसाचा त्या दिवशी संपवावा. बाटलीत भरून तीन-तीन दिवस पुरवू नये. काही घरांतून तोच चोथा दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात, ती काटकसर कामाची नाही. एवढासा चमचाभर माल, त्यात वाचवायचे काय?

किती दिवस घ्यावा? तोंडाला चव नसणे, जेवणानंतर पोट जड होणे, आजारानंतरचा अशक्तपणा यांसाठी सात-आठ दिवस, फार तर दोन आठवडे. मग थांबावे. बारा महिने रोज घेणारी काही माणसे आम्हांला माहीत आहेत. ती धडधाकट आहेत हे आम्हांला मान्य आहे, पण ती पहाटे उठून चालायला जातात, बिडी ओढीत नाहीत आणि रात्री वेळेवर जेवतात. श्रेय मात्र सगळे काढ्याला!

सर्दी-खोकल्याचेही थोडेफार तसेच आहे. हिरव्या किराइताने घशाची खवखव आणि खोकला थोडा लवकर उतरतो, असे काही तपासण्यांत दिसलेले आहे. पण सर्दी ही काढा घेतला तरी आठवड्यात जाते आणि न घेतला तरी आठवड्यात जाते. काविळीत तर हा घोटाळा मोठाच. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या मुदतीत ज्याने जे दिले, कुणी काढा, कुणी माळ, कुणी नाकात थेंब, त्याचे नाव होते. एखाद्याची उतरत नाही, गरोदर बाईच्या बाबतीत ती जिवावर बेतते, आणि तिथे काढा पाजणारे कुणी पुढे येत नाही. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासून घ्यावे. स्वतःच्या मनाने काढा तर मुळीच नको. सुजलेल्या यकृतावर आणखी काय बोजा पडेल ते सांगता येत नाही. करोनाच्या काळात, २०२० साली, घरोघर गुळवेलीचे काढे महिनोन्महिने प्याले गेले. त्यानंतर २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या सर्वांनी गुळवेल घेतलेली होती. आयुष मंत्रालयाने ते निदान मान्य केले नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे पडले. वाद कुणीही जिंको, घरात काढा करणाऱ्या बाईला त्यातून घेण्यासारखे एवढेच की वनस्पती ओळखीची हवी, प्रमाण थोडे हवे आणि दिवस मोजके हवेत.

आता ज्या कारणासाठी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला, तिकडे वळतो. काढ्याची सर्वांत मोठी प्रसिद्धी आहे ती तापावर, आणि खरा धोकाही तिथेच आहे.

आमच्या गल्लीत एक आक्का आहेत. त्यांचा मुलगा गोदामात कंत्राटावर माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात त्याला ताप भरला. आक्कांनी गावाहून आणलेले किराईत काढले आणि रात्री कपभर दिले. दुसऱ्या दिवशी पोरगा घाम येऊन मोकळा झाला, डबा घेऊन कामावर गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. पुन्हा काढा. चौथ्या दिवशी पुन्हा बरा. असे सहा-सात दिवस चालले होते. आम्ही काही निमित्ताने घरी गेलो तेव्हा तो गोधडीत गुरफटून पडला होता आणि आक्का काढा गाळीत होत्या.

आम्ही विचारले, “आक्का, दवाखान्यात नेलंत का?”

“कशाला न्यायचं भाऊ? काढा दिला की दुसऱ्या दिवशी ताप पळतो बघा. गुण हाय म्हणून तर देते.”

“आणि तिसऱ्या दिवशी?”

“तिसऱ्या दिवशी परत येतो मेला.”

आमचे आयुष्य कचेरीत आकडे मांडण्यात गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरचे जुने पान घेतले आणि त्याच्या पाठीवर दोन रकाने आखले. एकात तापाचे वार, दुसऱ्यात बरे वाटल्याचे वार. रविवार ताप, सोमवार बरा. मंगळवार ताप, बुधवार बरा. गुरुवार ताप, शुक्रवार बरा. तो दिवस शनिवार होता आणि पोरगा गोधडीत होता. आक्कांना म्हटले, “हे बघा, हा ताप काढ्याच्या हिशेबाने जात नाही. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने येतो आणि जातो. एक दिवसाआड.” आक्का लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत, पण हिशेब त्यांना लगेच कळला. म्हणाल्या, “म्हंजी मी काढा नसता दिला तरी सोमवारी उतरलाच असता?”

तेच तर! आपल्याकडे सर्रास आढळणारा जो हिवताप आहे, त्याचे जंतू रक्तातील तांबड्या पेशींत वाढतात आणि साधारण अठ्ठेचाळीस तासांनी त्या पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटल्या की थंडी वाजून ताप चढतो, काही तासांनी दरदरून घाम येतो आणि माणूस मोकळा होतो. मधला दिवस बरा जातो. सुरुवातीला काही दिवस हा ताप रोजही येतो, पण पुढे पुष्कळदा एक दिवसाआडचे चक्र बसते. आणि त्या मधल्या बऱ्या दिवसाचे श्रेय आदल्या रात्रीच्या काढ्याला जाते. पिढ्यान्‌पिढ्या किराइताची कीर्ती तापावर का पसरली, याचे निम्मे उत्तर आम्हांला यात दिसते.

त्याच दिवशी पोराला महापालिकेच्या दवाखान्यात नेले. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, हिवताप निघाला. आधी तीन दिवसांच्या गोळ्या, आणि यकृतात दडून बसणाऱ्या जंतूंसाठी दुसऱ्या गोळ्या चौदा दिवस. या दुसऱ्या गोळ्या देण्यापूर्वी डॉक्टर काही गोष्टी विचारतात, कारण गरोदर बायांना त्या देत नाहीत, आणि काहींच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते, त्यांनाही त्या तशा चालत नाहीत. ताप तिसऱ्या दिवशीच थांबला. इथे बहुतेक माणसे गोळ्या सोडून देतात, आणि मग चार-सहा महिन्यांनी डास न चावताही तोच ताप परत येतो. या पोराच्या बायकोने मात्र कॅलेंडरवर रोज एक फुली मारून चौदा फुल्या पुऱ्या केल्या. तापाचा जोर पूर्ण गेल्यावर भूक लागावी म्हणून आक्कांनी आठवडाभर किराईत दिले, तेही आम्ही डॉक्टरांना विचारून. त्याला आमची काय हरकत असणार? तिथे तो काढा योग्य जागी आला.

कुणी म्हणेल, कोयनेल तरी काय होते? तेही झाडाच्या सालीचे आणि कडूच. खरे आहे. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून ते निघाले. १८६० नंतर निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत त्याच्या बागा लावल्या गेल्या आणि १८९० नंतर बंगालात टपाल कचेरीतून एक-एक पैशाला त्याच्या पुड्या विकल्या जात. पण कोयनेलने हिवताप जात असे तो ते कडू होते म्हणून नव्हे. त्यातले एक विशिष्ट द्रव्य जंतूंना मारते म्हणून. सगळे कडू पदार्थ तापावर चालले असते तर कारल्याची भाजी खाणाऱ्या घरांत हिवताप शिरलाच नसता.

याहून बोलके उदाहरण चीनमधले आहे. तिथेही तापावर एक रानटी वनस्पती पूर्वापार वापरीत. तू यूयू या संशोधक बाईंनी तिचा अभ्यास सुरू केला तेव्हा अर्क कधी काम करी, कधी करीत नसे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी ग्रंथात ती वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितले होते. त्यावरून बाईंच्या लक्षात आले की उष्णतेने त्यातले कामाचे द्रव्य नासत असावे. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि १९७२ च्या सुमारास आजच्या हिवतापाच्या प्रमुख औषधाचा पाया घातला गेला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता गंमत पाहा. ज्या वनस्पतीतून जगभराचे औषध निघाले, तिचाही चहा करून हिवतापावर पिऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण कपात किती द्रव्य उतरले याचा नेम नाही, आणि अपुऱ्या मात्रेने जंतू मरण्याऐवजी औषधाला दाद न देणारे होतात. खुद्द त्या वनस्पतीची ही गोष्ट, तर आपल्या किराइताने माणसाचा हिवताप बरा होतो असे अद्याप सिद्धही झालेले नाही.

पावसाळ्यात ताप म्हणजे काही एकटा हिवताप नव्हे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती आपल्या वस्त्यांनी सोसलेली आहे. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून चालताना पायाच्या जखमेतून हा रोग शिरतो. असे पाणी तुडवले असेल तर ताप येण्याची वाट न पाहता, तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जाऊन सांगावे. प्रतिबंधाच्या गोळ्या डॉक्टर ठरवून देतात. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच सांभाळायचे असते. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके त्याच वेळी पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे असे काही दिसले तर एक तासही दवडू नये. अंगदुखीच्या जोरकस गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. तापाला साधी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि रक्ताची तपासणी. दुसरा एक हिवताप आहे, तो मेंदूपर्यंत जातो आणि एका दिवसात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. तो एक दिवसाआडचा नेमही पाळत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच की पावसाळ्यात ताप आला तर आधी रक्त, मग काढा. हा क्रम उलटा करू नये.

हे लिहिणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. आक्कांच्या मुलाने दवाखाना टाळला तो अडाणीपणामुळे नव्हे. सकाळी दवाखान्यात रांग लावली की त्या दिवसाची हजेरी बुडते. काढ्याला हजेरी बुडवावी लागत नाही. वस्तीत काढा खपतो त्याचे हे कारण कुणी आरोग्याच्या पुस्तकात लिहीत नाही. मुंबईत २०२२ पासून जे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले, ते संध्याकाळीही चालतात, आपल्या भागातल्याची वेळ विचारून ठेवावी. गावाकडे आशाताई घरी येऊन रक्ताचा नमुना घेतात. आणि ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांनी पगाराची चिठ्ठी नीट पाहावी. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. ही कपात होत असेल आणि वर्गणीचे ठरलेले दिवस भरले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. कंत्राटी कामगारालाही हा हक्क आहे. आक्कांच्या मुलाची कपात होत होती, पण त्याला कार्ड कधी मिळालेच नव्हते. ते मिळविण्यासाठी आम्ही आणि तो तीन वेळा खेपा घातल्या, तेव्हा मिळाले. तो हिशेब निराळा, कधीतरी स्वतंत्र लिहू.

साखरेच्या रोग्यांचा प्रश्न राहिला. किराइताने रक्तातील साखर उतरते असे जनावरांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून काही जण काढा सुरू करून गोळ्या बंद करतात, ते साफ चुकीचे. काही जण गोळ्याही घेतात आणि वर काढाही, त्यात साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे होत. तेव्हा ताबडतोब साखर-पाणी द्यावे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर काढा डॉक्टरांना सांगूनच घ्यावा. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नये. मूल व्हावे म्हणून प्रयत्न चालू असेल तरी नको. ज्यांना जठराचा व्रण किंवा पित्ताचा जोरदार त्रास आहे त्यांचे दुखणे कडूने वाढते. लहान मुलांना पाजण्याची तर घाई नकोच. हिरव्या किराइताने काहींच्या अंगावर पित्त उठते, क्वचित घसा सुजून श्वास अडतो, याविषयी ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिलेला आहे. पहिल्यांदा घेणाराने दोन-चार घोटच घेऊन पाहावे.

आता बाजारात फिरणाऱ्या बाटल्यांविषयी दोन शब्द. स्टेशनबाहेर, बाजाराच्या दिवशी, हल्ली मोबाईलवरही, ‘कडू ज्यूस’ म्हणून एक बाटली विकली जाते. साखर, मूतखडा, मूळव्याध, सांधेदुखी, सर्व काही त्यात बरे होते म्हणे. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे. वनौषधी असली तरी सुटका नाही. अशा बाटलीवर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, तारीख पाहावी. नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे साधा अर्ज करावा. पावती मिळाली असेल तर ती जपून ठेवावी. ज्या बाटलीने दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, तिच्यात झाडपाल्याऐवजी स्टिरॉइड निघाल्याच्या घटना देशात अनेकदा घडल्या आहेत. घरच्या चमचाभर किराइताला या बाटलीची सर येत नाही आणि किंमत तर पाहायलाच नको.

त्यापेक्षा एक करावे. हिरवे किराईत पत्र्याच्या डब्यातही चांगले वाढते. गावाकडून आणलेल्या पेंडीला वाळलेल्या शेंगा असतील तर त्या फडक्यात चोळून बारीक बी वेगळे काढावे. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर तळाला भोके पाडलेल्या डब्यात माती आणि थोडे शेणखत घालून बी वरच्यावर विखरावे, खोल पेरू नये. थोडे ऊन, थोडी सावली चालते, पण पाणी साचू देऊ नये, नाहीतर त्याच डब्यात डास होतील. फुले यायच्या बेताला आली की जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावे, सावलीत वाळवावे आणि कोरड्या बरणीत ठेवावे. वर कागदावर नाव आणि साल लिहून चिकटवावे. एक-दोन रोपे बियाण्यासाठी तशीच राखावीत. आमच्या गॅलरीत दोन डबे आहेत. त्यांतले बी गेल्या डिसेंबरात गल्लीतल्या पाच घरांनी नेले, आक्कांनी तर तीन डबे लावले आहेत.